जुन्या फायलींसाठी एक्सपी, रोजच्या कामासाठी नवी प्रणाली

महाराष्ट्रातल्या बऱ्याच छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत कोपऱ्यात एक संगणक असा असतो की ज्याला मालकाखेरीज कोणी हात लावत नाही. त्यावर विंडोज एक्सपी असते, पाने जुळवण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर असते, आणि गेल्या वीस वर्षांतल्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि एखाद्या दिवाळी अंकाची पाने असतात. दुरुस्तीला येणारा मुलगा प्रत्येक वेळी ‘फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकू का’ असे विचारतो आणि मालक प्रत्येक वेळी नको म्हणतो. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते. एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा देणे, थांबवला, त्यामुळे ती इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे दुकानाचे शटर उघडे टाकून घरी जाण्यासारखे आहे. पण पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्तीही त्याच २००१ सालची असल्याने जुन्या फायली विनासायास उघडण्याची सर्वांत खात्रीची जागा तीच एक्सपी आहे.

या दोन्ही गरजा एकाच संगणकावर भागवता येतात. प्रत्यक्ष यंत्रावर लिनक्स मिंटसारखी चालू काळातली मोफत प्रणाली बसवावी आणि एक्सपी तिच्या आत, संगणकातच दुसरा आभासी संगणक उभा करणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, नेटवर्क तोडून चालवावी. ही मांडणी कशी करायची ते पुढे क्रमाने दिले आहे. क्रम बदलू नये, कारण यात होणारे बहुतेक नुकसान घाईत क्रम चुकल्यानेच होते.

आधी काय काय वाचवायचे

पहिले काम जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी बाजूला ठेवण्याचे आहे. नवी प्रणाली त्याच डिस्कवर बसवण्याचा मोह टाळावा, २४० जीबीची साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणावी आणि जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवावी. डिस्क काढण्यापूर्वी मात्र तिच्यावरील कामाच्या फायली दोन ठिकाणी उतरवाव्यात. फायली म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त ‘माय डॉक्युमेंट्स’ येते, आणि तिथेच घात होतो.

माझ्याकडून एका छापखान्यात हीच चूक झाली होती. फायली सगळ्या उतरवल्या, विंडोजच्या फोल्डरातले ‘फॉन्ट्स’ मात्र तसेच राहिले. नव्या संगणकावर पहिली पत्रिका उघडली तेव्हा ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची एक रांग दिसली, आणि खाली वधूवरांच्या नावांचीही तीच गत झालेली होती. फाइल बिघडलेली नव्हती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टांत अक्षरांना स्वतःचे क्रमांक नसत. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरी वळणे, काने, मात्रा आणि अर्धी अक्षरे चिकटवलेली असत. फाइलमध्ये नोंद असते ती इंग्रजी जागेची, आणि ती मराठी दिसते केवळ त्या एका फॉन्टामुळे. फॉन्ट गेला की मजकूर गेला असे समजावे. एका कंपनीच्या फॉन्टाची मांडणी दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टाशी जुळेलच असे नसल्याने ‘दुसरा कुठला तरी मराठी फॉन्ट लावून बघू’ हा उपायही चालत नाही.

म्हणून उतरवायच्या गोष्टी अशा: सर्व कामाच्या फायली, फायलींना जोडलेली चित्रे, संपूर्ण फॉन्ट्स फोल्डर, मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि त्याचा परवाना क्रमांक, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर, आणि संगणकाच्या डब्यावर चिकटवलेल्या एक्सपीच्या लेबलावरील २५ अक्षरांची किल्ली. हे लेबल वर्षानुवर्षे हात लागून पुसट होते, त्यामुळे मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला जोडायचा छोटा तुकडा, असेल तर तो यूएसबीचा आहे की जुन्या प्रिंटर पोर्टात बसणारा रुंद डोंगल आहे ते आताच पाहावे. यूएसबीचा असेल तर पुढची सारी मांडणी बहुधा चालेल. प्रिंटर पोर्टाचा असेल तर खरी एक्सपी खऱ्या यंत्रावरच ठेवणे शहाणपणाचे ठरते, आणि त्यासाठी शेवटी वेगळा मार्ग दिला आहे.

यंत्र कोणत्या प्रणालीला पुरेल

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देण्याची सोय) करू शकणारे यूईएफआय (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) आणि टीपीएम या सुरक्षा घटकाची २.० ही आवृत्ती लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृत यादीत आहेत. या अटी चुकवून ती जुन्या यंत्रावर बसवण्याच्या युक्त्या आहेत, परंतु अशा यंत्राला अद्यतने मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या यंत्रावर दुकानाची रोजी चालते त्यावर हा जुगार खेळू नये असे माझे मत आहे. संगणक नवा असेल तर विंडोज ११ जरूर ठेवावी; व्हर्च्युअलबॉक्स तिच्यावरही चालते आणि एक्सपीबाबतचा पुढचा भाग जवळजवळ तसाच लागू पडतो.

दहाबारा वर्षांच्या संगणकासाठी मी लिनक्स मिंट सुचवतो. त्याची २२ ही मालिका उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळायची आहेत. किमान २ जीबी मेमरी आणि २० जीबी जागा सांगितलेली असली तरी आत एक्सपी चालवायची असल्याने मेमरी ४ जीबी तरी असावी, ८ असल्यास उत्तम. मिंटचे तीन अवतार मिळतात. जुन्या यंत्रासाठी एक्सएफसीई हा हलका अवतार घ्यावा. प्रोसेसर ६४ बिटचा असणे आवश्यक आहे.

संगणक उघडलेलाच आहे तर मदरबोर्डावरची रुपयाएवढी सीआर २०३२ बॅटरीही बदलून टाकावी. ती मेलेली असते तेव्हा यंत्र दर वेळी जुन्या सालात जागे होते, आणि तारीख चुकीची असल्याने सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. अशा वेळी लोक दोष नव्या प्रणालीला देतात. थोडक्या पैशांच्या बॅटरीने तासाभराचा मनस्ताप वाचतो.

मिंट बसवणे

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची एका फाइलीतली प्रत, त्यांच्याच अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावी आणि तिथेच दिलेल्या तपासणी संकेताशी (चेकसम) ती पडताळून पाहावी. अर्धवट उतरलेली फाइल बसवताना मध्येच दगा देते आणि तेव्हा कारण सापडत नाही. ही फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस किंवा बॅलेना एचर यांपैकी एका साधनाने लिहावी. नुसती कॉपी करून पेस्ट केल्यास पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही. पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही पुसले जाते, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगितलेले बरे.

संगणक सुरू होताना एफ १२, एफ ९, एफ ११ किंवा एस्केप यांपैकी जी कळ त्या बनावटीची असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडावा. मिंट काहीही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून उघडते. या अवस्थेत अर्धा तास काढावा. आवाज येतो का, वायफाय दिसते का, प्रिंटर जोडल्यावर ओळखला जातो का, पडद्याचे मोजमाप बरोबर आहे का, हे सर्व इथेच कळते. एखादी गोष्ट चालत नसेल तर संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढावा, काहीही बदललेले नसते.

समाधान झाल्यावर पडद्यावरील ‘इन्स्टॉल’चे चिन्ह उघडावे. भाषा मराठीही निवडता येते, परंतु अडचण आल्यावर संदेश जसाच्या तसा शोधता यावा म्हणून मी इंग्रजी ठेवतो. डिस्कबाबत विचारणा होईल तेव्हा नवी एसएसडी एकटीच जोडलेली असल्याने ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निर्धास्तपणे घेता येतो. जुनी डिस्क आधी काढून ठेवण्याचा खरा फायदा या क्षणी कळतो, कारण दोन डिस्का जोडलेल्या असताना त्यांची नावे शेवटच्या एका अक्षरानेच वेगळी दिसतात आणि चुकीच्या डिस्कवर बोट पडले तर तिथून परतीची वाट नाही. वेळेच्या नकाशात भारतावर टिचकी मारली की कोलकाता असे नाव येते. भारतभर वेळ एकच असल्याने ते तसेच राहू द्यावे.

बसवून झाल्यावर सर्व अद्यतने घ्यावीत आणि मग टाइमशिफ्ट या मिंटमधल्या साधनातून प्रणालीची पहिली प्रत घेऊन ठेवावी. मराठी टंकनासाठी कळफलकाच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट जोडावी. जुन्या फॉन्टांची सवय असलेल्यांना ती पहिले पंधरा दिवस जड जाते, पण नवा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. नवीन काम पुन्हा जुन्या फॉन्टांत करणे म्हणजे आजची अडचण पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधणे होय.

एक्सपीसाठी आतले घर

आता संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, जाऊन प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे आभासी यंत्र चालवण्याची, सोय चालू आहे का ते पाहावे. इंटेलच्या बोर्डांवर ती व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने, तर एएमडीच्या बोर्डांवर बहुधा एसव्हीएम या नावाने असते. मग मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हर्च्युअलबॉक्स बसवावे. यंत्रावर सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ असा पर्याय येतो. तो निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. अनेक जण तो पडदा घाबरून ओलांडतात आणि मग व्हर्च्युअलबॉक्स चालत नाही अशी तक्रार करतात.

नवे आभासी यंत्र तयार करताना प्रकार ‘विंडोज एक्सपी, ३२ बिट’ असा निवडावा. मेमरी ५१२ एमबी पुरे, १ जीबी दिली तर पेजमेकर ऐटीत चालतो. त्याहून अधिक देण्यात काही हशील नाही. डिस्क २० जीबीची आणि गरजेनुसार वाढणारी ठेवावी. तिची जोडणी आयडीई या जुन्या प्रकारचीच राहू द्यावी, कारण साटाच्या एएचसीआय या नव्या पद्धतीसाठी लागणारा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नाही. नव्या यंत्रांवर थेट एक्सपी बसवताना निळा पडदा येऊन शेवटी ‘७बी’ असा आकडा दिसतो, त्याचे नेहमीचे कारण हेच. नेटवर्कच्या पानावर ‘जोडलेले नाही’ अशा अर्थाचा पर्याय आत्ताच निवडावा. नंतर करू म्हटले की ते राहूनच जाते.

स्वतःच्या मालकीच्या एक्सपीच्या सीडीवरून, शक्यतो सर्व्हिस पॅक ३ असलेल्या, आयएसओ फाइल करून ती आभासी यंत्राच्या सीडी ड्राइव्हला जोडावी. डब्याबरोबर आलेला परवाना त्या यंत्रापुरताच असतो, म्हणून त्याच डब्यातल्या आभासी यंत्राबाबतही परवान्याच्या अटी वाचूनच पुढे जावे. यंत्र सुरू केल्यावर वीस वर्षांपूर्वीचा निळा पडदा दिसू लागतो. एंटर दाबावे, कराराच्या पानावर एफ ८ दाबावी, डिस्कवर एंटर देऊन एनटीएफएसचा झटपट फॉर्मॅट निवडावा. फायली उतरल्या की यंत्र पुन्हा सुरू होते आणि काळ्या पडद्यावर ‘सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा’ अशी ओळ येते. ती दिसताच कीबोर्डावरून हात बाजूला घ्यावा. इथे कळ दाबली की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि एक्सपी ‘फिरून फिरून तिथेच येते’ या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हीच एक कळ असते.

पुढच्या रंगीत टप्प्यात ३९ मिनिटे शिल्लक असल्याचे दिसते. एसएसडीवर ती त्याहून बरीच लवकर सरतात. किल्ली आणि पासवर्ड द्यावा, वेळेच्या यादीत मुंबई, कोलकाता, चेन्नई व नवी दिल्ली ही नावे असलेली ओळ निवडावी, आणि स्वयंचलित अद्यतने आता निरर्थक असल्याने ती बंद ठेवावीत. सक्रिय करण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते, याची नोंद घ्यावी.

एक्सपीमध्ये युनिकोड मराठी आपोआप दिसत नाही, हे आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडून ‘लँग्वेजेस’ या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या फायली बसवण्याचा जो चौकोन आहे, त्यावर खूण करावी. तेव्हा यंत्र पुन्हा एक्सपीची सीडी मागते, म्हणून ती आयएसओ लगेच काढून टाकू नये. यानंतर मंगल हा फॉन्ट आणि मराठी कळफलक मिळतो. पेजमेकरला मात्र याचा उपयोग नाही. त्याला युनिकोड देवनागरी समजत नाही, त्याला जुनेच फॉन्ट द्यावे लागतात. वाचवलेल्या फॉन्ट्स फोल्डरातले फॉन्ट इथे नेऊन टाकावेत.

ते न्यायचे कसे? व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूमधून ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसवल्यावर मिंटमधले एक फोल्डर सामायिक म्हणून देता येते आणि एक्सपीला ते नेटवर्क ड्राइव्हसारखे दिसते. आभासी यंत्राचे नेटवर्क तोडलेले असले तरी ही सोय चालते. सामायिक फोल्डर एकच द्यावे आणि त्यात चालू कामापुरत्याच फायली ठेवाव्यात. घरचे संपूर्ण फोल्डर देऊ नये. जुन्या पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट करणारे विषाणू अजूनही सुखाने नांदत असतात, त्यामुळे ग्राहकाचा पेनड्राइव्ह थेट एक्सपीला न जोडता आधी मिंटमध्ये उघडून पाहावा. यूएसबी डोंगलसाठी मिंटमधील आपले खाते ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात घालून एकदा बाहेर पडून परत यावे लागते. त्यानंतर यूएसबीच्या पानावर डोंगलची नोंद केली की एक्सपी सुरू होताच तो तिच्याकडे जातो.

सर्व काही नीट चालले, पहिली पत्रिका अक्षर न अक्षर बरोबर उघडली, की यंत्र बंद करून स्नॅपशॉट घ्यावा. पुढे कधी एक्सपी बिघडली तर दोन मिनिटांत या क्षणाला परतता येते. खऱ्या यंत्रावरच्या एक्सपीला हे सुख कधीच मिळाले नव्हते.

छपाईसाठी बाहेर काढणे

एक्सपीतून थेट प्रिंटरवर छापण्यापेक्षा पीडीएफ करून मिंटमधून छापणे सोयीचे असते. एक्सपीमध्ये स्थानिक प्रिंटर जोडताना पोर्ट म्हणून ‘फाइल’ निवडावे आणि यादीतील नावाच्या शेवटी ‘पीएस’ असलेला कोणताही लेझर प्रिंटर घ्यावा. छापताना तो फाइलचे नाव विचारतो. ती पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान सांगणाऱ्या भाषेतली) फाइल सामायिक फोल्डरात ठेवावी आणि मिंटमधील घोस्टस्क्रिप्ट या साधनाने तिचा पीडीएफ करावा. प्रिंटरच्या मांडणीत फॉन्ट आतच घालण्याचा पर्याय ठेवला की तो पीडीएफ ऑफसेटवाल्याकडे, ट्रेसिंग काढणाऱ्याकडे, परदेशातल्या ग्राहकाकडे, कुठेही पाठवला तरी अक्षरे तीच दिसतात. त्यातला मजकूर कॉपी केला तर मात्र पुन्हा इंग्रजी चिन्हेच हाती लागतात, कारण दिसणे सुधारले तरी आतले क्रमांक जुनेच आहेत. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर त्या विशिष्ट फॉन्टासाठीचा युनिकोड परिवर्तक वापरावा आणि नंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी. हीच तीन ठिकाणे हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असे आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते.

दोन्ही प्रणाली खऱ्या यंत्रावर हव्या असतील तर

प्रिंटर पोर्टाच्या डोंगलसाठी हाच मार्ग उरतो. नियम एकच: जुनी प्रणाली आधी, नवी नंतर. मिंट बसताना एक्सपीला ओळखून सुरुवातीच्या यादीत तिचे नाव घालते. एक्सपी मात्र नंतर बसवली तर ती आपल्याखेरीज कोणाचे अस्तित्व मानत नाही आणि मिंटची यादी पुसून टाकते. बायोसमध्ये डिस्कची पद्धत आयडीई ठेवावी. डिस्कवरची विभागणी एमबीआर या जुन्या प्रकारचीच हवी, कारण ३२ बिटची एक्सपी जीपीटी हा नवा प्रकार ओळखत नाही, आणि एमबीआरची मर्यादा २ टीबी आहे. जुन्या डिस्कवरच मिंटसाठी जागा करायची असल्यास आधी एक्सपीतून डिस्क तपासून डीफ्रॅग करावी (विखुरलेल्या फायली एकत्र आणाव्यात) आणि मगच विभाग लहान करावा.

अशा यंत्रावर एक विचित्र गोष्ट हमखास घडते. मिंट वापरून झाल्यावर एक्सपी उघडली की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. यंत्र बिघडलेले नसते. लिनक्स मदरबोर्डावरचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजते, आणि भारताचा फरक नेमका तेवढाच आहे. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की हा घोळ मिटतो. एक्सपीऐवजी विंडोज ८ किंवा पुढची आवृत्ती शेजारी असेल तर तिच्यातील ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे; ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मिंटला तिचा विभाग फक्त वाचता येतो किंवा तेवढाही नाही. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असल्यास काही बदलण्यापूर्वी ४८ अंकी परतीची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

शेवटचे काम आभासी यंत्राचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवण्याचे. ते मिंट बंद असताना नव्हे, तर एक्सपी पूर्ण बंद असताना उतरवावे. कपाटातली जुनी हार्ड डिस्क वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत का होईना, काढून जोडावी आणि तिच्यातली एखादी जुनी पत्रिका उघडते का ते पाहावे.